चातुर्मासातील एक घटका



चार दिवसांपूर्वी आषाढी एकादशी झाली, चातुर्मास बसला, आणि आज व्यासपौर्णिमा. या दिवसांत आपल्यांपैकी बहुतेकांनी काही ना काही नेम धरला असेल. कोणी एकभुक्त राहील, कोणी कांदालसूण वर्ज्य करील, कोणी लक्ष वातींचा संकल्प सोडील, कोणी रोज गोपद्मे काढील, तर कोणी पोथीचा एक अध्याय वाचल्याशिवाय अन्न घेणार नाही. नेम लहान असो वा मोठा, त्याचे मर्म एकच आहे. जे आपण मनात आले म्हणजे करतो, ते मनात येवो वा न येवो, रोज ठरल्या वेळी करावयाचे. एवढ्यानेच साध्या कृतीचे व्रत होते.

याच सुमारास आपल्या घरांतून दुसराही एक आरंभ झालेला असतो. जूनमध्ये शाळा उघडतात. नव्या वह्यांना वेष्टने चढतात, दप्तरे भरतात. शाळेचे पहिले सत्र दिवाळीपर्यंत चालते आणि आपला चातुर्मास कार्तिकी एकादशीस संपतो. देवाचे चार महिने आणि मुलांच्या अभ्यासाचे पहिले चार महिने असे जवळजवळ हातात हात घालूनच चालतात. म्हणून या वर्षी आम्ही आपणांपुढे एक निराळा नेम ठेवणार आहो. एकादशीस नेम धरावयाचा राहिला असेल त्याने तो पौर्णिमेस धरावा, अशी मोकळीक परंपरेने दिलेलीच आहे.

नेम असा: रोज एक घटका आपल्या मुलाच्या अभ्यासाजवळ बसावयाचे.

अहोरात्राच्या साठ घटका. एक घटका म्हणजे २४ मिनिटे. आजपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या सगळ्या घटकांची बेरीज केली तरी ती सुमारे ४६ तास भरते, म्हणजे पुरते दोन दिवसही नाहीत. एवढ्यात मुलाचे काय होणार, असे कोणी म्हणेल. परंतु त्या घटकेत आपण नेमके काय करतो यावर ते अवलंबून आहे.

प्रथम ज्यांस या नेमाची भीती वाटते त्यांच्याशी बोलू. मंदिरात येणाऱ्या कित्येक माता आम्हांस सांगतात, “महाराज, आम्ही मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या. मुलगा इंग्रजी शाळेत जातो. त्याच्या पुस्तकातले एक अक्षर आम्हांस कळत नाही. आम्ही त्याच्याजवळ बसून करावयाचे काय?” आपल्या बडोद्यात तर कोणाचे मूल गुजराती माध्यमात, कोणाचे इंग्रजीत, आणि घरची भाषा मराठी. कारखान्यात पाळीने काम करणारे बापही हेच म्हणतात, आणि शेवटी शिकवणीची फी भरून आपले कर्तव्य संपले असे समजतात. या सर्वांच्या मनात एक समजूत घट्ट बसलेली आहे की मुलाच्या अभ्यासास मदत करणे म्हणजे त्यास शिकवणे. ही समजूतच आज आपणांस तपासावयाची आहे.

छांदोग्य उपनिषदात एका बापलेकाची कथा आहे. उद्दालक आरुणि या ऋषीने आपला मुलगा श्वेतकेतु यास बाराव्या वर्षी गुरुगृही पाठविले. बारा वर्षे राहून, सर्व वेदांचे अध्ययन करून, चोविसाव्या वर्षी तो घरी परतला, तो मोठ्या ताठ्यात. आपण पुरते विद्वान झालो असे त्यास वाटत होते. उद्दालकाच्या जागी आपण असतो तर काय केले असते? पेढे वाटले असते, शेजारीपाजारी सांगत फिरलो असतो. उद्दालकाने यांतले काही केले नाही. त्याने मुलास जवळ बसविले आणि एक प्रश्न विचारला: ज्या एकाच्या ज्ञानाने न ऐकलेलेही ऐकल्यासारखे होते, ते तू आपल्या गुरूंना विचारलेस काय? मुलगा थांबला. असे काही आहे हेच त्यास ठाऊक नव्हते. मग तो वडिलांनाच म्हणाला की आपणच ते मला सांगावे. बारा वर्षांच्या पाठांतराने जो ताठा आला होता तो एका प्रश्नाने उतरला आणि खऱ्या विद्येस तेथे आरंभ झाला.

पुढे उद्दालक शिकवितो तेही पाहण्यासारखे आहे. तो मुलास वडाचे फळ आणावयास सांगतो, ते फोडावयास लावतो, आत काय दिसते ते विचारतो. मुलगा म्हणतो, बारीक बिया. त्यांतली एक फोड. आता काय दिसते? काहीच नाही. त्या न दिसणाऱ्या सूक्ष्मातूनच एवढा मोठा वड उभा आहे, हे तो मग समजावतो. दुसऱ्या प्रसंगी तो पाण्यात मीठ घालून ठेवावयास सांगतो. सकाळी मुलगा मीठ शोधतो, ते सापडत नाही. वरचे पाणी चाखून पाहा, मधले चाख, तळचे चाख, सर्वत्र खारटच. ब्रह्मविद्येसारखा गहन विषय, आणि त्यासाठी घेतले काय, तर अंगणातले फळ आणि स्वयंपाकघरातले मीठ! आणि बोलतो कोण? बाप थोडे बोलतो. पाहतो, चाखतो आणि उत्तर देतो तो मुलगा.

घराचे काम कोणते, हे या कथेत स्पष्ट सांगितले आहे. गुरुगृही मुलाने ऐकले होते. घरी त्याने सांगितले. आपल्या परंपरेत विद्येच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत: श्रवण, मनन आणि निदिध्यास. शाळा ही श्रवणाची जागा आहे. एका वर्गात चाळीस-पन्नास मुले. प्रत्येकाने काय समजून घेतले हे शांतपणे ऐकावयास शिक्षकास वेळ कोठून मिळणार? मननाची जागा घर हीच होय. आणि मनन घडविण्यास विद्वत्ता लागत नाही, ऐकणारा कान लागतो.

आपल्या मराठी घरांत हे पूर्वी घडत होते. दिवेलागणीस देवापुढे समई लागली, शुभंकरोति झाले, की परवचा सुरू होई. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. मग तिथी, वार, नक्षत्रे. मुले ओळीने बसून म्हणत आणि आजी वाती वळीत ऐके. ती आजी पुष्कळदा निरक्षर असे. परंतु मुलाने पाऊणकीत चूक केली की तिचा हात थांबे आणि ती म्हणे, “पुन्हा म्हण रे.” तिला लिहितावाचता येत नव्हते, पण तिचा कान तयार होता, आणि मुख्य म्हणजे ती रोज तेथे होती. वेदपाठशाळांतूनही पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन अशी पाठांतराची जी निरनिराळी रूपे आहेत, त्या सर्वांचा पाया हाच की ऐकलेले तोंडाने परत म्हणावयाचे आणि दुसऱ्याने ते ऐकावयाचे. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस याने स्वतःवरच प्रयोग करून सन १८८५ मध्ये दाखविले की शिकलेले पुन्हा उजळले नाही तर त्यातील मोठा भाग थोड्याच काळात विसरला जातो, आणि एकाच बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसादिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. आमच्या आज्यांनी त्याचे नाव ऐकले नव्हते. पण त्यांचा परवचा रोजचा होता.

आता भाषेची अडचण पाहू. मूल इंग्रजीत किंवा गुजरातीत शिकते आणि आईस मराठीच येते, ही उणीव आहे असे आपण मानतो. आमच्या मते विचारपूर्वक वापरली तर ही उणीव नसून लाभ आहे. ओळखीच्या एका घरी आम्ही बसलो होतो. सहावीतला नातू विज्ञानाची इंग्रजी व्याख्या धडाधड म्हणून दाखवीत होता, एक शब्द चुकत नव्हता. आजीने सहज विचारले, “म्हणजे काय रे? मला मराठीत सांग.” नातू गप्प झाला. पुन्हा म्हणावयाला लागला तो इंग्रजीच. आजी म्हणाली, “ते नको. काय होतं ते सांग.” मुलगा बराच वेळ दाराकडे पाहत राहिला. बाहेर दोरीवर धोतर वाळत होते. एकदम म्हणाला, “आजी, धोतरातलं पाणी कुठं जातं, तेच हे!” त्या क्षणी त्यास बाष्पीभवन समजले. व्याख्या त्याच्या जिभेवर कितीतरी दिवस होती. अर्थ आजीच्या प्रश्नाने आला. पाठ केलेले वाक्य दुसऱ्या भाषेत आपोआप उतरत नाही. ते उतरवावयाचे तर अर्थाच्या पुलावरूनच जावे लागते. म्हणून ज्या घरची भाषा शाळेच्या भाषेहून निराळी आहे, त्या घरात मननाचे साधन आयतेच आहे. शाळेत ऐकलेले घरी मराठीत सांग, एवढेच मुलास म्हणावे. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत शिक्षणाचे माध्यम घरची भाषा किंवा मातृभाषा असावे असे म्हटले आहे. सर्वांस ते माध्यम मिळेल असे नाही. परंतु आपल्या घरातील एक घटका मराठी ठेवण्यास कोणत्याही शासनाची अनुज्ञा नको. मराठीपण टिकविण्याची आपली चिंताही त्यात आपोआप फिटते.

येथे आम्हांस आमच्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुसऱ्यास उपदेश करणाऱ्याने आपली चूक लपवू नये. आमची कन्या सहावीत असता एका निबंधस्पर्धेत तिचे नाव घातले होते. विषय पावसाचा होता. तिने दोन पाने लिहून आणली. ती पाने साधी होती, थोडी विस्कळित होती, पण तिची होती. आम्ही ती वाचली आणि आमच्यातला प्रवचनकार जागा झाला. “असे नव्हे,” म्हणत आम्ही पहिले वाक्य बदलले, मग दुसरे, आणि रात्री अकरापर्यंत निबंध सर्वस्वी आमचा झाला. तिने तो सुवाच्य अक्षरात उतरून काढला. पहिले बक्षीस मिळाले: स्टीलचा एक मोठा डबा, वर तिचे नाव कोरलेला. आम्ही तो येणाऱ्याजाणाऱ्यास दाखवीत होतो. आमच्या लक्षात आले नाही की ती तो कधीच कोणास दाखवीत नव्हती. तिच्या आईने त्यात पोहे भरून ठेवले तर तिने ते काढून दुसऱ्या डब्यात ओतले. पुढे तिने निबंध लिहिले, परंतु आम्हांस कधी वाचावयास दिले नाहीत. लग्न होऊन निघताना सामान बांधीत असता आम्ही तो डबा तिच्या पुढे ठेवला. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, तो तुमचा आहे. तुम्हीच ठेवा.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले. आम्ही तिला साहाय्य केले असे इतकी वर्षे समजत होतो. वास्तविक आम्ही तिला दोन गोष्टी शिकविल्या होत्या: एक, तुझे स्वतःचे पुरेसे नाही, दुसरी, दुसऱ्याचे आपल्या नावावर खपविले तरी चालते. तो डबा आजही आमच्या देवघरात आहे. त्यात आम्ही वाती ठेवतो. रोज सकाळी तो उघडताना कोरलेले ते नाव दिसते.

मुलाचा गृहपाठ स्वतःच्या हाताने करून देणारे, शाळेने सांगितलेली चित्रे आणि प्रतिकृती रात्री जागून बनविणारे, बाजारातून तयार आणून देणारे आईबाप आजही पुष्कळ आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण मुलाच्या वहीत आपले अक्षर पडले की मुलाचे शिकणे तेथे थांबते, आणि त्याहून मोठी हानी अशी की सत्याची रेषा पुसट होते. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात, ज्याचे नावच ‘शिकवण’ आहे, पहिला समास लेखनक्रियेस दिला आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे कसे असावे, पहिल्या अक्षरापासून ग्रंथाच्या शेवटापर्यंत ते एकसारखे कसे राहावे, हे ते बारकाईने सांगतात. एवढ्या मोठ्या सत्पुरुषाने मुलाच्या हातातील लेखणीकडे इतके लक्ष दिले. परंतु ती लेखणी त्याच्या हातून काढून घ्या, असे कोठेही सांगितले नाही.

सत्याचा विषय निघाला म्हणून त्याच उपनिषदातील दुसऱ्या एका घराकडे वळू. जबाला नावाची एक माता आणि तिचा मुलगा सत्यकाम. मुलास गुरूकडे जावयाचे होते; गुरू गोत्र विचारणार. त्याने आईस विचारले. आईस ते ठाऊक नव्हते. ती काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ शकली असती. तिने तसे केले नाही. आपण तरुणपणी पुष्कळ ठिकाणी सेवा करीत हिंडत होतो, त्या काळी तू झालास, गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम, एवढे सांग, असे ती म्हणाली. मुलाने गौतम ऋषींपुढे जाऊन हेच शब्द जसेच्या तसे सांगितले. आणि ऋषींनी त्यास शिष्य करून घेतले ते या एका कारणासाठी, की तो सत्यापासून ढळला नाही. सत्यकामाला विद्येचे दार उघडले ते आईच्या “मला ठाऊक नाही” या शब्दांनी.

मातांनो, आपणांस मुलाच्या पुस्तकातले कळत नाही याची लाज वाटू देऊ नका. “मला हे ठाऊक नाही, उद्या तुझ्या बाईंना विचार आणि मलाही येऊन सांग,” असे ज्या घरात मोकळेपणाने म्हटले जाते, त्या घरातील मूल वर्गात हात वर करून “मला समजले नाही” असे म्हणावयास भीत नाही. उलट ज्या घरात वडील माणूस कधीच चुकत नाही, तेथे मूल आपली चूक लपवावयास शिकते. प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी जाते, कधी बापाची सहीही मूलच करते. ते मूल मुळात खोटे नसते. त्या घरात खरे बोलण्यास जागा उरलेली नसते. म्हणून गुणपत्रिका हाती आली की “किती पडले?” आणि “शेजारच्याला किती पडले?” हे दोन प्रश्न या चातुर्मासात वर्ज्य करा. कांदालसूण सोडण्यापेक्षा हे कठीण आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. त्याऐवजी म्हणा, “काय चुकले ते आपण दोघे पाहू.”

आता घटकेचा विधी सांगतो.

वेळ एकच ठरवावी. दिवेलागणीनंतरची उत्तम, ज्यांची पाळी रात्रीची, त्यांनी पहाटेची घ्यावी. आईबाप दोघेही बाहेर असतील तर आजीआजोबांनी बसावे. मुलाचा अभ्यास हे केवळ आईचे काम, असे समजणाऱ्या गृहस्थांनी उद्दालक हा पिता होता हे आठवावे. आठवड्यातून निदान दोन-तीन घटका तरी बापाच्या असाव्यात.

त्या वेळी दूरदर्शनसंच बंद आणि मोबाइल फोन देवघराच्या फडताळात. मुलाचाही आणि मोठ्यांचाही. आपण अंगठ्याने पडदा सरकवीत असता मुलास “पुस्तकात लक्ष दे” म्हणणे हे व्रत नव्हे, विडंबन आहे. हातात वाती असोत, निवडावयाची भाजी असो, आपली पोथी असो. पण कान मुलाकडे असावा.

घरात मुलगा आणि मुलगी दोघे असतील तर घटका दोघांची. मुलाने पुस्तक घेऊन बसावे आणि मुलीने त्याच वेळी पोळ्या लाटाव्यात, असे होऊ नये. पोळ्या घटकाभर थांबतात. वय थांबत नाही.

प्रश्न तीनच विचारावे: आज काय ऐकलेस? कोठे अडले? मला कसे सांगशील? उत्तर येईपर्यंत थांबावे. मूल गप्प बसले तर ते विचार करीत असते. त्या मौनात आपण घुसू नये. जे दोघांसही कळले नाही ते एका कागदावर लिहून शिक्षकांकडे पाठवावे, आणि त्यांच्याविषयी घरात अनुदार शब्द काढू नये. मूल ज्याची निंदा ऐकते त्याच्याकडून ते शिकू शकत नाही.

घटका संपली की थांबावे. लहानांवर अभ्यासाचा भार किती असावा यास मर्यादा आहे. केंद्र शासनाच्या सन २०२० च्या दप्तरविषयक धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, तिसरी ते पाचवीस आठवड्यास जास्तीत जास्त २ तास, सहावी ते आठवीस दिवसास १ तास आणि त्यापुढे २ तास, असे सांगितले आहे. शाळा, मग शिकवणी, मग पुन्हा घरी तीन तास, अशा घाण्यास जुंपलेले मूल शिकत नाही, केवळ थकते. सहा ते बारा वर्षांच्या मुलास रोज ९ ते १२ तास आणि त्यापुढे अठरापर्यंत ८ ते १० तास झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते.

येथे श्वेतकेतूची आणखी एक हकीकत आठवते. उद्दालकाने त्यास एकदा पंधरा दिवस अन्न वर्ज्य करून केवळ पाण्यावर राहावयास सांगितले. मग वेदमंत्र म्हण म्हणाला. बारा वर्षे अध्ययन केलेल्या त्या विद्वानास काहीच आठवेना! उद्दालक म्हणाला, मोठा अग्नी विझून काजव्याएवढा निखारा उरला तर तो फारसे जाळू शकत नाही. तुझे तसे झाले आहे. जा, जेवून ये. मुलगा जेवून आला आणि जे विचारले ते सर्व त्यास आठवले. काजव्याएवढ्या निखाऱ्यास गवत घालून फुलविले की तो पुन्हा पेटतो, तसेच हे, असे पित्याने सांगितले.

बंधुभगिनीहो, आपल्या घरांत असेही एखादे मूल असते की जे मागे पडले आहे. पाढे येत नाहीत, वाचताना अडखळते, दोन विषयांत नापास झाले आहे. सर्वांनी त्याच्यावर शिक्का मारलेला आहे, आणि हळूहळू त्यासही तो खरा वाटू लागला आहे. आज आम्ही बोलतो आहो ते विशेषतः त्याच्यासाठी. त्याच्यात काजव्याएवढा निखारा अजून आहे. त्यावर रागाचा वारा सोडला तर तो विझेल. मोठे लाकूड टाकले तर दबून विझेल. त्यास गवताची काडी हवी: पोटभर अन्न, पुरी झोप, काल येत नव्हते आणि आज आले अशी एखादी लहानशी गोष्ट, आणि ती ऐकून आनंदित होणारे एक माणूस. आणि रोज जवळ बसूनही अक्षरे उलटसुलट दिसतात, फळा दिसत नाही असे आढळले तर त्यास आळशी म्हणू नका. डोळे तपासा, कान तपासा, तज्ज्ञास दाखवा. जवळ बसणाऱ्यासच हे आधी कळते.

उशीर झाला असेही म्हणू नका. ज्या महाराजांच्या नगरात आपण राहतो त्या तिसऱ्या सयाजीरावांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातला. सन १८७५ मध्ये ते दत्तक येऊन गादीवर बसले तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांचे खरे शिक्षण तेथून पुढे सुरू झाले. श्वेतकेतूही बाराव्याच वर्षी गुरुगृही गेला होता. त्याच सयाजीरावांनी सन १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि सन १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पुढे सन २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला, आणि त्याच दुरुस्तीने त्यास शिक्षणाची संधी देणे हे आईबापांचे मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेत लिहिले गेले. कायदा मुलास शाळेच्या दारापर्यंत नेऊ शकतो. संध्याकाळी त्याच्या जवळ कोण बसले, हे पाहण्यास कोणताही कायदा आपल्या माजघरात येणार नाही. ते काम व्रतानेच होते.

प्रत्येक व्रतास उद्यापन असते. याही नेमास आहे. कार्तिकी एकादशीच्या संध्याकाळी आपल्या मुलास घरातील सर्वांमध्ये बसवावे आणि या चार महिन्यांत शिकलेली कोणतीही एक गोष्ट त्याने आपल्या शब्दांत, मराठीत सांगावी. सर्वांनी मध्ये न बोलता ऐकावी. चुकली तरी चालेल. पण ती त्याची स्वतःची असावी. हेच उद्यापन, आणि मुलास वाटलेला आनंद हीच दक्षिणा.

आज गुरुपौर्णिमा आहे. सकाळी आपण व्यासांचे पूजन केले. आज किंवा उद्या मुलांनी शाळेत जाऊन आपल्या शिक्षकांस नमस्कार करावा. आणि संध्याकाळी समई लागल्यावर आपण मुलाजवळ जाऊन बसावे. काही शिकवू नये. फक्त विचारावे, “आज काय ऐकलेस रे?” आणि मग ऐकावे.

आपणां सर्वांस तसे बसण्याची बुद्धी आणि ऐकण्याचे धैर्य लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना. शुभं भवतु.